आभारापर्यंत पन्नास श्रोते

कावळे पळवल्याचा आरोप नाशिक शहरात आजवर फार थोड्या सभ्य माणसांवर झाला असेल. शेखरराव थेटे हे त्यांतले एक. तोही आरोप ऐन पितृपक्षात, कॉलनीच्या नोटीस बोर्डावर, चार टाचण्या लावून.

वास्तविक शेखररावांचं कावळ्यांशी कसलंही देणंघेणं नव्हतं. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं वॉशर तपासले. चांगला वॉशर डाव्या खोक्यात, वाईट वॉशर उजव्या खोक्यात. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरच्या पोळ्या तपासू लागले. "कडा जाड, मध्ये पातळ. ही रिजेक्ट," असं ते तिसऱ्यांदा म्हणाले त्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, मनीषाताईंनी, पोळपाट बाजूला ठेवला, पदर खोचला आणि त्या नवऱ्याचं नाव कॉलनीतल्या 'हिरवा काठ निसर्ग मंडळा'त घालून आल्या.

"जा, निसर्ग तपासा," त्या म्हणाल्या. "तो उलटून बोलत नाही."

हिरवा काठ मंडळ दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये पर्यावरणावर व्याख्यान ठेवी. विषय भारदस्त असत. 'मृदासंधारणाची बदलती परिमाणे.' 'शैवाल: काल, आज आणि उद्या.' आधी दीपप्रज्वलन, मग यादव सरांचं प्रास्ताविक, मग वक्त्यांचा परिचय, मग तुळशीचं रोप देऊन सत्कार, मग व्याख्यान आणि शेवटी पुन्हा यादव सरांचं आभारप्रदर्शन. यादव सर शाळेत मराठी शिकवायचे. शाळेत तास संपल्याची घंटा व्हायची, हॉलमध्ये ती सोय नव्हती. तुळशीचं रोप मात्र चार वर्षं तेच होतं. प्रत्येक वक्ता ते नम्रपणे स्वीकारी आणि तितक्याच नम्रपणे खुर्चीखाली विसरून जाई.

श्रोते सात (खुर्च्या तपासत फिरणारे शेखरराव सोडून). त्यांत तीन पदाधिकारी. चौथा वॉचमन लहानू. हॉलची किल्ली त्याच्याकडे असल्यामुळे त्याला थांबावंच लागे. पाचवा वक्त्यांना घेऊन आलेला रिक्षावाला, सहाव्या म्हणजे त्या वक्त्यांच्या सौभाग्यवती. आणि सातवे खंडेराव काठे, म्हणजे सगळ्या कॉलनीचे दादा. मंडळाचा अस्सल असा श्रोता हा एकच. वय ऐंशीच्या पुढं, पांढरी टोपी, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची. दुसऱ्या मिनिटाला त्यांना झोप लागे ती थेट आभाराच्या टाळ्यांना उघडे. मग ते डोळे चोळून मोठ्यांदा म्हणत, "चांगलं झालं!" वक्ता भारावून घरी जाई. दीड वर्षापूर्वी दादा गेले आणि श्रोते सहा उरले.

दादांचे चिरंजीव भारतराव काठे हे कॉलनीचे अध्यक्ष. वडिलांकडून त्यांना बंगला मिळाला, बुलंद आवाज मिळाला. व्याख्यानाची आवड तेवढी मिळाली नाही. ऑगस्टच्या सभेत त्यांनी विषय काढला.

"सहा माणसांसाठी आठ पंखे फिरतात," ते म्हणाले. "झुंबाच्या क्लासला तिसरा रविवार हवाय. त्यांच्याकडं पंचेचाळीस बायका आहेत आणि त्या जाग्या असतात."

"पण पर्यावरण शिक्षण—" यादव सर उठले.

"सर, माझं म्हणणं साधं आहे. सप्टेंबरच्या व्याख्यानाला पन्नास माणसं आणा. चहापर्यंत नाही हां, आभारापर्यंत. पन्नास असली तर हॉल तुमचा. एकोणपन्नास असली तरी झुंबा."

हे ऐकताच यादव सरांनी प्रकृतीच्या कारणास्तव कार्यवाहपदाचा राजीनामा दिला. प्रास्ताविक आणि आभार यांना मात्र प्रकृती साथ देईल असं ते म्हणाले. रिकाम्या पदाकडं सगळे पाहू लागले. शेखरराव त्या वेळी खुर्ची डुगडुगते का ते तपासायला उभे राहिले होते. उभा एकटाच माणूस दिसल्यामुळे तोच कार्यवाह झाला.

"जमेल ना, थेटे?" भारतरावांनी हसून विचारलं. ते हसले नसते तर शेखरराव कदाचित खाली बसले असते. पण कारखान्यात तीन मॅनेजर येऊन गेले, एकानंही त्यांना असं हसून विचारलं नव्हतं.

"आणतो पन्नास," ते म्हणाले. घरी जाईपर्यंत त्यांनी श्रोते तीनदा मोजले, सहाच भरले.

मनीषाताईंच्या मामेबहिणीची मुलगी डॉ. योगिनी मोगल पक्ष्यांवर संशोधन करायची. शेखररावांनी तिला फोन लावला.

"येते की काका. कावळ्यावर बोलते."

"कावळा? अगं, कावळ्याला कोण येणार? बिबट्या ठेव. नाशिकमध्ये बिबट्या चालतो."

"बिबट्यावर दोन तास बोललं तरी लोक एकच विचारतात, पकडला का? कावळा तुमच्या खिडकीत रोज येतो. एकदा तरी नीट बघा त्याच्याकडं."

तिसरा रविवार होता एकवीस सप्टेंबर. संध्याकाळी झुंबाचं प्रात्यक्षिक ठरलेलं, म्हणून व्याख्यान सकाळी अकराला ठेवलं. निमंत्रणं छापून घरोघर वाटली गेली. त्या संध्याकाळी मनीषाताईंनी किराण्याची यादी करायला भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

"अहो, एकवीसला सर्वपित्री आहे."

"मग?"

"मग काय मग! सर्वपित्री अमावस्या. ज्याची तिथी माहीत नाही त्याचंही श्राद्ध त्या दिवशी. घराघरांत वडे, खीर, आमटी. सकाळी अकराला कुठली बाई स्वयंपाकघरातून बाहेर पडेल? अन् पितृपक्षात कुणी कार्यक्रम ठेवतं का? लोक साधा मिक्सर विकत घेत नाहीत!"

शेखरराव धावत भारतरावांकडं गेले. भारतराव फाटकातच भेटले. डोक्यावर काळी छत्री होती. मे महिन्यापासून ते छत्रीशिवाय बाहेर पडत नसत, ऊन असो नसो. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणत.

"तारीख बदलायची नाही," छत्रीखालून आवाज आला. "कार्यक्रम झालाच नाही तर श्रोते शून्य धरू."

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडं माणूस संकटात सापडला की शेजारी त्याला एकटं सोडत नाहीत. समोरचे म्हणाले, जेवण ठेवा. मागचे म्हणाले, सर्वपित्रीला बाहेर कोण जेवेल, लकी ड्रॉ ठेवा. कोपऱ्यावरचे म्हणाले, एखादा पुढारी बोलवा. पुढारी एकटा येत नाही, निम्मा हॉल तोच भरतो. यादव सरांनी सुचवलं की प्रास्ताविक थोडं वाढवावं, म्हणजे उशिरा येणाऱ्यांची सोय होईल. आणि माइकची परवानगी काढाच, असंही तेच म्हणाले.

परवानगीचं कार्यालय कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, खिडक्या सगळीकडं सारख्याच असतात. खिडकीमागच्या माणसानं अर्ज पाहिला. कार्यक्रमाचे स्वरूप: धार्मिक, राजकीय, विवाह. यांपैकी एकावर खूण करायची होती.

"कावळ्याचं व्याख्यान," शेखरराव म्हणाले.

"कावळा बोलणार?"

"नाही हो. कावळ्याविषयी बाई बोलणार."

"कधी?"

"सर्वपित्रीला."

"मग धार्मिक."

"धार्मिक नाही, अभ्यासाचा कार्यक्रम आहे."

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. "काका, कावळा आहे, सर्वपित्री आहे, श्राद्धाची वेळ आहे. अन् तुम्ही म्हणता धार्मिक नाही. विवाह लिहू का?"

शेखररावांनी धार्मिकवर खूण केली. पर्यावरण मंडळाच्या कार्यवाहानं असं करावं याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की जिना उतरताना कठड्याचे तीन ढिले स्क्रू दिसूनही ते काही बोलले नाहीत.

योगिनीनं त्यांना एक काम दिलं होतं. "काका, हॉलच्या मागच्या खिडकीतून तो कडुनिंब दिसतो ना? बोलताना समोर चारदोन कावळे असले तर बरं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी थोडं खायला ठेवा. ते वेळ शिकतात. माणूसही शिकतात."

काम म्हटलं की शेखररावांच्या अंगात बत्तीस वर्षं संचारत. त्यांनी वेळ ठरवली अकरा वाजून चाळीस मिनिटं. माल घरात तयारच होता: रिजेक्ट पोळ्या. मनीषाताईंनीही हरकत घेतली नाही. आपल्या पोळ्यांना शेवटी कुणीतरी गुणग्राहक मिळाला, एवढंच त्या म्हणाल्या. शेखररावांनी रजिस्टर घातलं. पहिला दिवस, कावळे दोन. चौथा दिवस, नऊ. आठव्या दिवशी अकरा अडतीसलाच कडुनिंबावर एकतीस कावळे माना वाकड्या करून त्यांच्या वाटेकडं पाहत होते. शेखररावांचा ऊर भरून आला. आयुष्यात एकाही वॉशरनं त्यांची अशी वाट पाहिली नव्हती.

आता हे एकतीस कावळे काही आकाशातून उत्पन्न झाले नव्हते. ते कॉलनीचेच होते. आणि तिकडं पितृपक्ष लागला होता.

ज्या घरी तिथी असेल त्या घरी दुपारी बाराला गच्चीवर पान मांडायचं आणि कावळ्याची वाट पाहायची. कावळा घासाला शिवला की मग घरच्यांनी जेवायचं, त्याआधी नाही. यंदा पानं मांडली जात होती, पाहुणे माना वर करून उभे होते आणि आकाश स्वच्छ निळं होतं. एका घरी साडेतीन वाजले. तिथले जावई मधुमेहाचे. ते संडासात जाऊन बिस्किटं खाताना सापडले. दुसऱ्या घरी कंटाळून पान गाईला दिलं, तर गाईनंही नुसतं हुंगलं.

"यंदा पितर रागावलेत," अशी कुजबुज सुरू झाली. ती तशीच राहिली असती तर बरं झालं असतं. पण लहानू हरसूलकडचा सरळ माणूस. त्याला कुणीतरी सहज विचारलं.

"कावळं?" तो म्हणाला. "ती समदी थेटेसायबांकडं जेवाया जात्यात. पावणेबाराला. रोज."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, एक सभासद कॉलनीतील कावळे परस्पर एकत्र करून इतर सभासदांच्या धार्मिक कार्यात अडथळा आणीत आहेत. कावळे ही सामाईक बाब असून त्यांची साठेबाजी खपवून घेतली जाणार नाही. सदर सभासदाने खुलासा करावा. अध्यक्ष.'

नाव नव्हतं. नाव असतं तर निदान अपमान सरळ झाला असता. आता जो तो बोर्ड वाचून शेखररावांकडं पाही आणि पुन्हा बोर्डाकडं.

शेखररावांनी खुलासा दिला नाही, पोळ्या बंद केल्या. स्वाभिमानी माणसापाशी दुसरं हत्यार नसतं. पण कावळ्यांना कुणी कळवलं नव्हतं. अकरा चाळीसला कडुनिंबाखाली कुणी दिसेना, तेव्हा ते शेखररावांच्या गच्चीवर आले. शेखरराव किराणा आणायला निघाले तर कावळे तारेवरून तारेवर उड्या मारत दुकानापर्यंत सोबत. दुकानदारानं साबण देताना विचारलं, "सगळे तुमचेच का?"

पण यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. ते परत येत असताना एका गच्चीवरून हाक आली, "थेटे काका! दोन मिनिटं वर येता का? आज सासूबाईंची तिथी आहे." ते वर जाऊन पानाशेजारी उभे राहिले, आणि अर्ध्या मिनिटात कावळा पानाला शिवला. त्या घरच्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी तीन घरची बोलावणी आली. सर्वपित्रीला तर त्रेचाळीस घरं, वेळ सगळ्यांची एकच, भर दुपारची. आणि शेखरराव एक. लोक वेळ ठरवायला घरी येऊ लागले. मनीषाताई दारात उभं राहून सांगत, "बारा दहाचा स्लॉट गेला हो."

शेखरराव मात्र उदास होते. फाटकाशी भाजी विकणाऱ्या नवसाबाईजवळ ते टेकले. नवसाबाई सायखेड्याहून पहाटेच्या गाडीनं गवार, अळू, कारली घेऊन यायची आणि कॉलनीतल्या सगळ्या भानगडी तिला आतल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक असायच्या.

"सगळी कॉलनी मला बोलावतेय," ते म्हणाले, "अन् माझ्या व्याख्यानाला एक माणूस यायला तयार नाही."

"आवं साहेब," नवसाबाई जुडी झटकत म्हणाली, "तुम्ही कशाला हिंडता घरोघर? समद्यांची पानं त्या लिंबाखाली आणा की. गावाकडं नाय का आम्ही नदीवर एका जागी मांडत? अन् आता आलीच हायेत माणसं, तर ऐकतील की घडीभर त्या पोरीचं. कुढं जातील? पान शिवल्याबिगर जेवायला तर मिळायचं नाय."

शेखरराव उभे राहिले, आणि त्या आनंदात त्यांनी एक किलो कारली घेतली. घरात कारली कुणीच खात नसे.

एकवीस तारखेला सकाळी पावणेअकराला कडुनिंबाखाली त्रेचाळीस पानं मांडली गेली. शेखररावांनी प्रत्येक पानाला क्रमांकाची चिठ्ठी लावली होती, म्हणजे कोणाच्या आजोबांचा वडा कोणाच्या नावावर जमा झाला असा वाद नको. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. लहानूनं सतरंज्या घातल्या. सोवळ्यातले पुरुष, हाताला पीठ लागलेल्या बायका, आणि दाराशी पाटी घेऊन नवसाबाई. शेखररावांनी दोनदा मोजलं: एकाहत्तर.

भारतरावांनीही मोजलं. तेही आले होते, येणं भागच होतं. पान क्रमांक सतरा दादांचं होतं, आणि भारतरावांच्या गच्चीवर तर मे महिन्यापासून कावळा फिरकला नव्हता. ते छत्री घेऊन पानाशेजारीच उभे राहिले. "आभारापर्यंत, थेटे," खिडकीतून त्यांनी आठवण करून दिली.

यादव सरांनी प्रास्ताविक थोडक्यात आटोपलं, म्हणजे बावीस मिनिटांत. तुळशीचं रोप योगिनीला दिलं गेलं. आणि मग ती बोलू लागली. गावकावळा कोणता, डोमकावळा कोणता. कावळा घरटं कधी बांधतो. त्याला चकचकीत फॉइलच्या ताटांची भीती का वाटते. तो माणसांचे चेहरे कसे लक्षात ठेवतो आणि पिल्लांनाही दाखवून देतो. हिरवा काठ मंडळाच्या इतिहासात प्रथमच कुणी झोपलं नाही. उपाशीपोटी झोप येत नाही हे खरं; पण लोक ऐकत होते हेही खरं. प्रश्नांचा तर पाऊस पडला. "वडा आधी खातो की खीर?" "आमच्या सुनेनं ताट स्टीलचं मांडलं होतं, त्यानं अडलं का?" "कॉलनीत पूर्वी शेदोनशे होते, गेले कुठं?" योगिनीनं या शेवटच्या प्रश्नावर खिडकीबाहेर बोट केलं. "झाडं मोजा. पूर्वी किती होती?" हॉल मनातल्या मनात मोजू लागला. मोजणी एका कडुनिंबापाशी येऊन थांबली. तोही एका बाजूनं छाटलेला.

अकरा चाळीस झाले. शेखररावांनी बाहेर जाऊन कुस्करलेली पोळी टाकली. आकाश काळं झालं.

"शिवला! आमचा शिवला!" "बावीस नंबर!" "अगं, तुझ्या आजीनं आधी पापड उचलला बघ, तशीच होती!" कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. आणि मग शेखररावांच्या लक्षात आलं की ज्याचं पान शिवलं, तो ताट उचलून घराकडं निघालाय. घरी वडे होते. दोन सोवळी गेली. एक अख्खं कुटुंब गेलं. अडुसष्ट, त्रेसष्ट, पंचावन्न. आभार अजून यादव सरांच्या खिशात होते.

"अठ्ठेचाळीस," बाहेरून भारतरावांचा आवाज आला. फाटकाकडं जाणाऱ्यांवर त्यांची नजर होती आणि आवाजात समाधान होतं.

"आवं, थांबा!" नवसाबाई फाटकात आडवी उभी राहिली. "दादांचं पान तसंच हाय अन् तुम्ही वडे खायला चालला? त्या म्हाताऱ्यानं तुमच्यातल्या किती जणांची लग्नं जमवली?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बेचाळीस पानं विस्कटली होती. सतरा नंबर जसंच्या तसं होतं. खीर, वडा, आमटी, एक दाणा हललेला नाही. एकतीस कावळे फांद्यांवर बसून एकटक भारतरावांकडं पाहत होते. एकानं मान वाकडी करून असा काही आवाज काढला की भारतरावांनी छत्री घट्ट धरली.

गेलेले लोक एकेक करून परत आले. दादांना सोडून जेवायचं कसं? ताटं पुन्हा खाली ठेवली गेली.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," एक म्हातारे म्हणाले. "बोल भारत, कबूल कर."

भारतराव पानासमोर वाकले. "दादा, गावचा मळा विकणार नाही." कावळे ढिम्म. "धाकट्याशी बोलतो. दिवाळीला घरी बोलावतो." एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि पुन्हा वर गेला. "दादा, अहो काय हवंय तरी काय?" आता त्यांचा तो बुलंद आवाज बसला होता. सव्वाबारा वाजून गेले होते.

योगिनी शेखररावांच्या कानाशी लागली. "काका, मे महिन्यात या झाडाची फांदी कुणी तोडली?"

"भारतरावांनी. नवी गाडी घाण होते म्हणून."

"फांदीवर घरटं असणार. त्यांना चेहरा पाठ आहे. ते पानापासून हटले की कावळा उतरेल."

शेखररावांना एकदम छत्रीचा उलगडा झाला. मे महिन्यापासून डॉक्टर कोण होते, तेही कळलं. आणि त्याचबरोबर त्यांच्यासमोर जन्मातला सगळ्यात मोठा मोह उभा राहिला. गप्प बसलं तर? आणखी दहा मिनिटांत हा माणूस बापासाठी हॉलच काय, बंगलाही कबूल करेल. पण शेखररावांनी कधी खोटा शिक्का मारला नव्हता. ते पुढं झाले.

"भारतराव, तुम्ही जरा पानापासून दूर व्हा. दादा रागावलेले नाहीत, कावळे रागावलेत. तुमच्यावर. त्या फांदीवर त्यांचं घरटं होतं."

"माझ्या बापाच्या पानापासून मला दूर करता?" भारतराव भडकले. "मी नाही हलणार!"

पण 'फांदी' हा शब्द ऐकून कॉलनी छत्रीकडं, मग झाडाकडं आणि मग पुन्हा छत्रीकडं पाहू लागली. तेवढ्यात लहानू, जो कधीच न विचारता बोलत नसे, तो बोलला.

"दादा या लिंबाखाली चप्पल काढायचे. मंग आत जायचे. मी किल्ली लावायच्या आधी येऊन बसायचे. म्हणायचे, लहानू, महिन्यातनं एकदा चांगली झोप लागती ती हितंच."

भारतरावांनी खिडकीतून आत पाहिलं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्या गर्दीतही कुणी घेतली नव्हती. मग छत्री हातातच धरून त्यांनी हात जोडले.

"दादा," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज अध्यक्षांचा नव्हता, "तिसरा रविवार तुमच्या व्याख्यानाचा. कायमचा. अन् या झाडाला पुन्हा हात लावणार नाही. चुकलो."

बोलताना त्यांना भरून आलं. लोकांना दिसू नये म्हणून ते चार पावलं मागं सरले, हॉलच्या पायरीवर बसले आणि छत्री तोंडासमोर धरली.

फांदीवरून एक डोमकावळा उतरला. पान सतराभोवती त्यानं एक चक्कर घेतली, वडा उचलला आणि उडाला.

जो ओरडा झाला तो गंगापूर रोडपर्यंत गेला म्हणतात. दादांनी ऐकलं, असं कॉलनी म्हणाली. छत्रीमुळे चेहरा झाकला, असं योगिनी म्हणाली. शेखररावांनी रजिस्टर काढलं. 'पान १७. शिवले. वेळ १२.३२.' पुढं 'कारण' असा रकाना होता. त्यांनी पेन टेकवलं, पुन्हा उचललं आणि आयुष्यात प्रथमच एक रकाना रिकामा सोडला.

आता सगळे सुटले असते. पोटात कावळे ओरडत होते, झाडावरचे तृप्त होते. पण हॉलच्या दारात भारतराव उभे होते, छत्री मिटलेली, आवाज पुन्हा पूर्वीचा.

"कोणी हलायचं नाही! आत चला सगळे. आभार व्हायचेत."

एकाहत्तर माणसं आत बसली. भारतराव पहिल्या रांगेत गेले, मधल्या खुर्चीपाशी घुटमळले आणि तिच्यात बसले. यादव सरांनी खिशातून आभार काढले. ते आधी निसर्गाचे, मग कावळ्यांचे, मग नवसाबाईंच्या कारल्यांसह ज्ञात-अज्ञात सर्वांचे मानले गेले. पंखे आठही फिरत होते. दुसऱ्या मिनिटाला भारतरावांची मान छातीवर आली. शेखरराव भिंतीशी उभं राहून पुन्हा पुन्हा मोजत होते. आकडा हलला नाही.

शेवटी टाळ्या झाल्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष दचकून जागे झाले, त्यांनी डोळे चोळले आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चांगलं झालं!"